जुनी सुझुकी एसजे-४१३: शिकाऊ हातांसाठी पारखलेली गाडी

एकोणीस वर्षांची माझी भाची पहिल्या गाडीसाठी साठवलेले पैसे घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या मनात एक चित्र पक्के होते: उंच उचललेली, मोठमोठ्या टायरांची, चिखलाने माखलेली एक जुनी फोर बाय फोर, जी ती स्वतः खोलेल आणि स्वतःच जोडेल. चित्राचा शेवटचा भाग मला मनापासून आवडला आणि सुरुवातीच्या भागाबद्दल मी तूर्त काही बोललो नाही. पुढच्या चार महिन्यांत आम्ही सहा गाड्या पाहिल्या, पाच नाकारल्या आणि सहावी, म्हणजे १९८७ ची सुझुकी एसजे-४१३, घरी आणली. काही देशांत हीच गाडी समुराई या नावाने विकली गेली. या गोष्टीला आता दीड वर्ष झाले असून तेवढ्या काळात गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल दोनदा खोलून झाला, ब्रेक नवे झाले, तळाचा पत्रा कापून बदलला गेला आणि भाचीच्या मनातले चित्रही बरेच बदलले.

पहिल्या प्रकल्पाची गाडी निवडताना लोक बहुधा गाडी कुठे कुठे जाऊ शकते हे पाहतात. मला वाटते, ती किती सहज उघडता येते आणि उघडल्यावर आत काय चालले आहे हे नवख्या डोळ्यांना किती समजते, हे आधी पाहावे. चढ चढण्याची ताकद नंतर वाढवता येते. पण ज्या गाडीत एका बिघाडामागे दहा कारणे दडलेली असतात, तिच्यापाशी शिकाऊ माणूस दोन महिन्यांत हात टेकतो आणि अर्धवट खोललेली गाडी कोपऱ्यात गंजत पडते. नाकारलेल्या पाचांपैकी दोन गाड्या नेमक्या अशाच अवस्थेत होत्या. त्यांचे सुटे भाग खोक्यांत होते, खोक्यांवर नावे नव्हती, आणि विकणारे दोघेही पंचविशीच्या आतले होते.

या कसोटीवर एसजे-४१३ उत्तम उतरते, आणि त्यामागे तिचा वंश आहे. सुझुकीने १९७० मध्ये एलजे-१० बाजारात आणली, तेव्हा तिच्यात ३५९ सीसीचे, हवेने थंड होणारे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन होते. होप मोटर कंपनीच्या एका छोट्या गाडीचा आराखडा विकत घेऊन ती बेतली गेली होती. १९८१ मध्ये नवी एसजे मालिका आली आणि १९८४ मध्ये तिला १,३२४ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन व पाच गिअर मिळाले. इंजिन वाढत गेले, मात्र मूळ मांडणी तीच राहिली: शिडीच्या आकाराची चासी, तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंग. बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खाली जमीन दिसते. माझ्या मते शिकाऊ मेकॅनिकसाठी याहून मोठी सोय नाही, कारण हातातून निसटलेला नट कुठेही अडकून न राहता थेट खाली पडतो.

या गाडीचा ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलकडे पोहोचवणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो मागे, तीन रबरी माउंटांवर वेगळा बसवलेला असतो आणि एका आखूड शाफ्टने गिअरबॉक्सला जोडलेला असतो. त्यामुळे गिअरबॉक्सला हात न लावता दोन माणसे तो खाली उतरवू शकतात. भाचीने तो पहिल्यांदा टेबलावर उघडला, तेव्हा हाय (नेहमीच्या वेगाची) आणि लो (संथ पण जास्त ओढीची) या दोन रेंजमधला फरक तिला गिअरच्या दातांच्या रूपात समोर दिसला. गंमत म्हणजे या गाडीत हाय रेंजही सरळ एकास एक नसते. तिचे प्रमाण १.४०९ आहे आणि लोचे २.२६८. पहिल्या गिअरचे ३.६५२ आणि डिफरन्शियलचे (अ‍ॅक्सलमध्ये दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचे) ३.७२७ हे आकडे त्याला गुणले की एकूण गुणोत्तर ३१ च्या जवळ येते. म्हणजे इंजिन मिनिटाला एक हजार फेरे घेत असताना लोच्या पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे ४ किलोमीटरने, माणसाच्या चालीने, पुढे सरकते. हा हिशेब तिने स्वतः कागदावर केला आणि मग मोकळ्या मातीत गाडीशेजारी चालून पडताळून पाहिला.

त्याच हिशेबाची दुसरी बाजू तितकी सुखाची नाही. पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायचा तर इंजिनाला ३,३०० च्या आसपास फेरे घ्यावे लागतात, आणि सुमारे ६४ अश्वशक्तीच्या त्या इंजिनाचा, ट्रान्सफर केसचा, टायरांचा व वाऱ्याचा असा चौघांचा मिळून जो आवाज होतो त्यात शेजारच्या माणसाशी बोलणे अशक्य होते. ताशी ८० पर्यंत ही गाडी समाधानी असते. ज्याला रोज लांबचा मोठा रस्ता कापायचा आहे आणि घरात दुसरे वाहन नाही, त्याने हे परीक्षण इथेच सोडून दिले तरी चालेल.

आता निवडीबद्दल. विकणारा नेहमी बॉनेट उघडून इंजिन सुरू करून दाखवतो आणि तरुण गिऱ्हाईक इंजिनाच्या आवाजावर भाळते. मी भाचीला सांगितले होते की शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत बॉनेट उघडूच द्यायचे नाही. इंजिन दुरुस्त होते, बदलताही येते. चासी सडलेली असेल तर मात्र हातात उरतो तो कागद आणि भंगार. म्हणून जुने कपडे घालून, टॉर्च, छोटी हातोडी, टोकदार स्क्रू-ड्रायव्हर आणि चुंबक घेऊन आधी गाडीखाली शिरावे. हातोडीने चासीवर हलके टकटक करत गेले की चांगला पत्रा खणखणीत वाजतो आणि गंजून पातळ झालेला पत्रा भद्द आवाज देतो. एसजेमध्ये मागच्या पाट्यांचे शॅकल (पाटे चासीला अडकवणारे दुवे) जिथे बसतात तो भाग, बॉडी आणि चासी यांच्यामधील रबरी माउंटांची जागा, चालकाच्या पायाखालचा तळ, मागच्या चाकांमागचे कोपरे आणि पुढच्या काचेची चौकट, या ठिकाणी गंज आधी येतो. गालिचा उचलू द्यायला विकणारा का-कू करत असेल, तर खाली काय आहे ते उचलण्याआधीच समजले म्हणायचे. चुंबक चिकटत नसेल तिथे रंगाखाली पुट्टी आहे. चासीवरचा क्रमांक कागदांशी जुळतो का, हेही तिथे गुडघ्यावर बसलेले असतानाच पाहून घ्यावे.

आमच्या गाडीच्या चासीने हातोडीची परीक्षा पार केली आणि तळाच्या पत्र्याने केली नाही. स्क्रू-ड्रायव्हर चालकाच्या बाजूला आरपार गेला. हा दोष पत्करण्याजोगा होता, कारण तळाचा पत्रा कापून नवा लावणे हे वेल्डिंग शिकण्यासाठी योग्य काम आहे. चासीवर वेल्डिंग करणे हे मात्र नवशिक्याचे काम अजिबात नव्हे.

पुढचा अ‍ॅक्सल हा या गाडीचा खरा स्वभाव. चाक जॅकवर उचलून ते वर आणि खाली धरून हलवले आणि त्यात खुळखुळ जाणवली, तर किंगपिनची (चाक डावी-उजवीकडे ज्या खिळीवर वळते तिची) किंवा चाकाची बेअरिंग गेलेली असतात. डावी-उजवीकडे हलवल्यावर खुळखुळ आली तर स्टिअरिंगचे रॉड-एंड (जोडदांड्यांची टोके) तपासावेत. किंगपिन बेअरिंग झिजल्यावर ठराविक वेगाला स्टिअरिंग हातात थडथडू लागते आणि खड्डा आला की ती थडथड इतकी वाढते की वेग पूर्ण उतरवावा लागतो. आमच्या गाडीत हे ताशी ६० ला होत असे आणि पहिल्या दिवशी भाची भेदरून गेली होती. पुढच्या चाकाच्या आतल्या गोल घडणीवरून काळे पातळ वंगण ओघळत असेल, तर आतले ऑइल सील गेले असून डिफरन्शियलचे तेल तिथल्या ग्रीसमध्ये मिसळले आहे असे समजावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना टक-टक असा ठेका ऐकू आला, तर चाकाला ताकद पोहोचवणारा आतला सांधा झिजला आहे. यातले काहीही गाडी नाकारण्याचे कारण नाही, पण प्रत्येक गोष्ट भाव खाली आणण्याचे कारण आहे.

हेच काम भाचीने सर्वांत आधी केले आणि तिला या गाडीची गोडी लागली तीही तिथेच. किंगपिनखाली शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून बेअरिंगवरचा दाब बसवावा लागतो, आणि तो दाब मोजण्यासाठी रॉड-एंडच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून सांधा किती वजनाला हलू लागतो ते पाहतात. सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा आणि काट्यावरचा आकडा जुळेपर्यंत तिने एका बाजूचे शिम चार वेळा बदलले. दुसरी बाजू दुसऱ्याच प्रयत्नात जुळली. त्यानंतर ताशी ६० ची थडथड गेली, आणि कोणता भाग बदलल्याने ती गेली हे तिला नेमके ठाऊक होते. नव्या काळातल्या गाडीत असे समाधान मिळणे अवघड आहे.

चाचणीसाठी गाडी चालवताना फोर व्हील मातीत किंवा खडीवरच लावून पाहावा, कोरड्या पक्क्या रस्त्यावर नव्हे. या गाडीत पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमध्ये मधला डिफरन्शियल नाही. वळताना दोन्ही अ‍ॅक्सल वेगवेगळे अंतर कापू पाहतात आणि चाकांना घसरायला जागा नसेल तर सगळा ताण शाफ्ट आणि गिअरांवर येतो. बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकांचे हब (चाकाचे मधले तुंबे) खाली उतरून हाताने लॉक करावे लागतात. लिव्हर ओढला पण हब लॉक केलेच नाहीत, तर पुढचा शाफ्ट फिरतो आणि चाके फिरत नाहीत, हे ज्ञान आमच्या घरात चिखलात रुतल्यावर आले. शेवटी लो गिअरमध्ये उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून पाहावा. लिव्हर उसळी मारून न्यूट्रलला येत असेल तर ट्रान्सफर केस झिजलेला आहे.

इंजिनाबद्दल थोडक्यात. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून आल्याबरोबर बदलावा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतल्या हवेवर पडणारा दाब) एकमेकांच्या जवळ असणे हे एका मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे. कार्ब्युरेटर मात्र संयमाची परीक्षा घेतो. त्यावरच्या रबरी नळ्यांचे जाळे जुन्या मालकांनी कुठे कापलेले, कुठे खिळा घालून बंद केलेले सापडते. वायरिंगचीही तीच गत असते. आमच्या गाडीत हॉर्नच्या वायरवरून टेपरेकॉर्डर, टेपरेकॉर्डरवरून मागचा दिवा आणि त्या दिव्यावरून देव जाणे आणखी काय, अशी वंशावळ निघाली. ती सोडवण्यात दोन आठवडे गेले.

तक्रारी सांगायच्या तर पहिली सुट्या भागांची. इंजिन, ब्रेक, बेअरिंग, सील, क्लच हे सगळे विनासायास मिळते, कारण ही गाडी जगभर प्रचंड खपली आणि तिचे अनेक भाग तिच्या इतर भावंडांना लागतात. दारांचे रबर, डॅशबोर्डचे प्लास्टिक आणि काचेच्या कडेची पट्टी मात्र शोधत बसावी लागते. त्यामुळे गाडी घेताना या वस्तू शाबूत असतील तर त्यांना इंजिनाइतकेच मोल द्यावे. दुसरी तक्रार गाडीची नव्हे. तळाच्या उजव्या बाजूचे वेल्डिंग आम्ही घाईत एका गॅरेजकडे दिले. त्यांनी गंजलेला पत्रा न कापता त्यावरच नवा ठिगळासारखा जोडला आणि वरून काळा रंग मारून दिला. तीन महिन्यांत रंग फुगला. तो पत्रा भाचीने नंतर स्वतः कापला, आणि आतून निघालेला तांबडा भुगा अजून एका बरणीत ठेवला आहे.

सर्वांत गंभीर बाब सुरक्षेची आहे आणि ती तरुण चालकाच्या बाबतीत दुप्पट गंभीर होते. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि सुमारे एक टन वजन. दोन्ही अ‍ॅक्सलमधले अंतर अवघे २,०३० मिलिमीटर, रुंदी कमी आणि उंची भरपूर. अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या नियतकालिकाने १९८८ मध्ये समुराई कलंडण्याचा धोका सांगून तिला अस्वीकारार्ह ठरवले होते; सुझुकीने १९९६ मध्ये त्यावर दावा दाखल केला आणि २००४ मध्ये तो तडजोडीने मिटला. त्या वादात कोण किती बरोबर होते हा विषय वेगळा. आखूड, अरुंद आणि उंच गाडी वेगात अचानक वळवू नये हे सांगायला न्यायालयाची गरज नाही. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला होता: आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग सीट-बेल्ट व त्यांचे बोल्ट जिथे बसतात तो पत्रा, मग टायर, आणि हे सर्व झाल्यावर रंग किंवा दिवे. टायरच्या खाचा खोल दिसतात म्हणून फसू नये. २००० नंतरच्या टायरवर चार अंकी खूण असते, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या गाडीचे टायर दिसायला नवे आणि वयाने सोळा वर्षांचे निघाले. गाडीखाली काम करताना फक्त जॅकवर कधीही विसंबायचे नाही, चासीखाली स्टँड लावल्याशिवाय डोके आत घालायचे नाही, हा नियम मोडल्यास चाव्या माझ्याकडे जमा होतील असे मी बजावले होते. एकदा झाल्याही.

मोठ्या टायरांचा विषय शेवटी निघालाच. भाचीला ३१ इंची टायर आणि त्यासाठी अ‍ॅक्सलच्या वर पाटे बसवून उंची वाढवायची होती. मी नाही म्हटले नाही. पुन्हा कागद पुढे केला. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे २६.३ इंच आहे. ३१ इंची टायर म्हणजे एकूण गुणोत्तरात जवळपास १५ टक्क्यांची घट: चढावर ओढ कमी, पाचवा गिअर जवळजवळ निरुपयोगी, स्पीडोमीटर खोटा, ब्रेकवर आणि पुढच्या सांध्यांवर जास्त भार, आणि आधीच उंच असलेला गुरुत्वमध्य आणखी वर. ते भरून काढायला ट्रान्सफर केसचे गिअर बदलावे लागतात, मग शाफ्ट, मग ब्रेकच्या नळ्या. कागद बराच वेळ पाहून ती म्हणाली, “मामा, म्हणजे टायर बदलायचे म्हणजे सगळी गाडीच बदलायची.” तिने वर्षभर गाडी मूळ उंचीवर ठेवायचे ठरवले, आणि ज्या वाटांसाठी तिला उंची हवी होती त्यांतल्या बहुतेक वाटा ती मूळ उंचीवर, चाकातली हवा थोडी कमी करून पार करून आली. हलकेपणा हे या गाडीचे खरे बळ आहे. २००७ मध्ये चिलीतील ओहोस देल सलादो या ज्वालामुखीवर ६,६८८ मीटर उंचीपर्यंत पोहोचलेली गाडी हीच होती, अर्थात पुष्कळ बदल केलेली.

तिच्याऐवजी काय घेता येईल, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे. जुन्या लँड रोव्हरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असल्याने वरून ती धडधाकट दिसते, पण चासी आणि पुढचा बल्कहेड (इंजिन व बसायची जागा यांच्यामधली भिंत) पोलादाचे असतात व तेच सडतात. सुटे भाग मात्र मुबलक, अगदी नवी चासीसुद्धा. टोयोटाची ४० मालिका मजबुतीत कोणालाही हार जाणार नाही, मात्र तिचे मोल आता इतके चढले आहे की तिच्यावर हात साफ करायला जीव धजत नाही. जीप चेरोकी एक्सजे आम्ही खरोखर घेता घेता राहिलो. १९८७ पासून तिच्यात आलेले ४ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन फार चिवट आहे, चार दारे आहेत, मोठ्या रस्त्यावर ती माणसात असल्यासारखी वागते. पण तिला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी, आणि आम्ही पाहिलेल्या गाडीच्या तळातल्या बाजूच्या तुळया पोखरलेल्या होत्या. तुळया शाबूत असलेली एक्सजे मिळाली आणि गाडी रोज वापरायची असेल, तर मी एसजेपेक्षा तिचीच शिफारस करीन. लाडा निवाला कायमचा फोर व्हील आणि पुढे कॉइल स्प्रिंग असल्याने ती चालवायला जास्त आरामशीर आहे. तिचीही बॉडी एकसंध, तेव्हा गंजाची तपासणी तितकीच कडक हवी.

एसजे-४१३ ला मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण सुरक्षेसाठी आणि मोठ्या रस्त्यावरच्या गोंगाटासाठी कापला आहे. भाचीला विचारले तर ती साडेचार देते आणि उरलेला अर्धा गुण ट्रान्सफर केससाठी राखून ठेवते, कारण उतारावर लोचा लिव्हर अजूनही उसळून बाहेर येतो आणि दुरुस्ती होईपर्यंत ती तो गुडघ्याने दाबून धरते. नवे गिअर आणि बेअरिंग आणून ठेवली आहेत. येत्या रविवारी टेबल रिकामे करायचे आहे.